लॉगशीट

ओमानात, बरक्याच्या प्लँटवर, माझी नोकरी दाबाची.
समुद्र आत घ्यायचा,
पासष्ट बारने पडद्यावर रेटायचा.
मीठ त्या बाजूला राहतं,
पाणी या बाजूला येतं, बिनचवीचं, कोरं.
अकरा वर्षं दर दोन तासांनी
मी काट्यांपुढे उभा राहून आकडे लिहितो.
काटा लाल पट्टीत गेला की बेल वाजते,
हिलाल जेवण टाकून धावत येतो.

माझी बेल वाजलीच नाही.

व्हिसाच्या तपासणीत नर्सने दंडाला पट्टा बांधला,
हवा भरली, सोडली,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा भरली.
डोकं दुखतं? नाही.
चक्कर? नाही.
मग होतंय काय?
काहीच होत नव्हतं.
एकशे अडुसष्ट, खाली एकशे चार.

डॉक्टर सुदानचे, आवाज माठातल्या पाण्यासारखा.
म्हणाले, एका आकड्यावर मी कुणाला आजारी ठरवत नाही.
तुम्ही एका नोंदीवर पंप बंद करता?
(नाही करत. दुसरं गेज लावून बघतो.)
सात दिवस, सकाळी दोनदा, रात्री दोनदा.
आधी पाच मिनिटं गप्प बसायचं,
पाठ टेकून, पाय जमिनीवर,
त्याआधी अर्धा तास चहा नाही, सिगारेट नाही,
घरचा फोनसुद्धा नाही.

मग विचारलं, वडील?

वडील आचऱ्याला रापण ओढत होते,
अंगावरून वारं गेलं.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
मी 'विंड' म्हटलं. त्यांचं पेन थांबलं.
मी डावा हात उचलून पाडून दाखवला,
ओठाचा कोपरा बोटाने खाली ओढला.
'आह,' म्हणाले, आणि कागदावर एक शब्द लिहिला
ज्यात वारा कुठेच नव्हता.
एकोणपन्नास वर्षांचे होते. मी सत्तेचाळीस.
आम्ही तेव्हा कौल लावला, गाऱ्हाणं घातलं,
नारळ दिला.
त्यांच्या दंडाला पट्टा कधी कुणी बांधलाच नव्हता.

कॅम्पवर वरच्या बंकात शिजू घोरतो.
खाली मी ताठ बसलेला,
हात उशीवर, छातीच्या उंचीला.
मशीन दंड आवळतं.
वरचा आकडा हृदय ढकलतं तेव्हाचा,
खालचा ते दम खातं तेव्हाचा.
दम खातानाही माझं अठ्ठ्याण्णव.

अठ्ठावीस नोंदी केल्या, प्लँटच्याच लॉगशीटवर,
युनिटच्या रकान्यात लिहिलं: कुबल.
डॉक्टर कागदाकडे बघत राहिले.
इतकं स्वच्छ कुणी आणत नाही, म्हणाले,
आणि गोळी लिहून दिली. रोज. कायमची.

मग कपाट उघडलं.
वैजयंतीने पाठवलेला खारवलेला बांगडा,
मिठातली कैरी, पोह्याचे पापड.
दिवसभर समुद्रातून मीठ काढायचं
आणि रात्री ताटात परत वाढून घ्यायचं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी जागलो, कंपनीच्या, घराच्या, स्लॅबच्या हप्त्याच्या.
तेही जागत राहिलं माझ्यात,
डोळ्याला डोळा न लावता.

पहिल्या गोळीने घोटे सुजले,
मोज्याचा वळ संध्याकाळभर उतरेना.
बंद करून टाकली, न विचारता, बारा दिवस.
बरं वाटत होतं.
बरं तर आधीही वाटतच होतं.
डॉक्टर रागावले नाहीत, गोळी बदलली.
आता एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी.
बांगडा शिजूला दिला. कैरी नाही दिली,
धुऊन, पिळून, एकच फोड, शुक्रवारी.

रात्री आचऱ्याला फोन लावला.
दिगू म्हणाला, दादा, मला काय धाड भरलीय?
काहीसुद्धा होत नाही मला.
म्हणूनच, मी म्हटलं.

कार्गोच्या खोक्यात खजूर, टॉर्च, दोन टॉवेल,
टॉवेलात गुंडाळून नवं मशीन.
वर चिठ्ठी:
पट्टा बांधण्याआधी
पाच मिनिटं गप्प बस.